सुकेळीसाठी स्थळ

ताई, तुमच्या तेराव्यानंतरचा पहिला रविवार, सकाळी साडेदहा. जागा, पापडीच्या तुमच्या घराची पडवी. कुत्र्यांच्या खर्चाच्या डब्यातली शिल्लक रोख चार हजार तीनशे पंधरा रुपये; आधी मी मोजली, मग निखिलकडून मोजून घेतली. हजर माणसं चार: तुमचा पुतण्या निखिल, जनावरांच्या डॉक्टर लीनाबाई, माझी बायको शैला आणि मी. हजर पग अकरा. त्यांतले दहा सासरहून, म्हणजे तुम्ही त्यांना दिलेल्या घरांहून, आलेले. त्यांना घेऊन आलेली माणसं मी यात धरलेली नाहीत, कारण ती वाडीत केळींच्या सावलीत उभी राहून कुणाचा कुत्रा जास्त जाड यावर वाद घालत होती आणि चर्चेत त्यांचा भाग नव्हता. अकरावी सुकेळी. ती घरचीच. विषय एकच होता, सुकेळीचं आता काय करायचं.

निखिलला शनिवारी पुण्याला परत जायचं होतं. वाडी खंडाने दिली जाणार, घराला कुलूप लागणार. केळी कुलपामागे राहू शकतात, एका डोळ्याची म्हातारी कुत्री राहू शकत नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तुमचाच नियम सांगितला: एका खोलीला एक पग, हॉल धरायचा नाही. माझ्या वन बीएचकेत वेलची आहे. शिवाय वेलचीने सकाळीच सुकेळीचा कान तोंडात धरला होता आणि तो सोडवायला लीनाबाईंना उकडलेलं अंडं खर्ची घालावं लागलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. लीनाबाईंकडे चार मांजरं. म्हणजे राहिलं एकच, स्थळ बघायचं. सहा दिवसांत, आणि तुमच्याशिवाय.

तुम्ही गेलात हेही घरात उशिरा कळलं, ताई. स्वयंपाकाला येणाऱ्या मीनाने दाराबाहेरून घोरणं ऐकलं. ताई झोपल्यात म्हणून तिने पोळ्या लाटल्या, चहा केला, तो निवला म्हणून दुसरा केला. घोरत होती सुकेळी, तुमच्या पायाशी. नंतर मीना मला रडत रडत म्हणाली, "काका, आवाज अगदी ताईंचाच होता हो." मी तिची समजूत घातली. सात वर्षं दर रविवारी तुमच्याबरोबर रिक्षाने हिंडून, येताना तुमचं आणि मांडीवरच्या कुत्र्याचं घोरणं एकत्र ऐकून, मलासुद्धा तो फरक सांगता आला नसता. लोक भेटायला आले की मी हे सांगतो. आधी ते चेहरा गंभीर करतात, मग त्यांचे खांदे हलायला लागतात. शैला म्हणते, हे सांगणं बरं नाही. माझं मत आहे की तुम्ही स्वतःच हे सगळ्यांना सांगितलं असतं, फक्त ते या वेळी शक्य नव्हतं.

आपली ओळख तरी कशी झाली होती. आमची मुलगी नोकरीला बेंगळुरूला गेली आणि घर फार शांत झालं. शैलाला एखादा लहानसा कुत्रा हवा होता. कुणीतरी सांगितलं, पापडीला एक बाई आहेत, लोकांनी टाकून दिलेले पग उचलतात, बरे करतात आणि चांगल्या घरी देतात. मी फोन लावला आणि माझ्या सवयीप्रमाणे वय, वजन, रंग, झालेल्या लशी विचारल्या आणि फोटो मागितला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि शांतपणे म्हणालात, "तुमचं वय, वजन, रंग काय?" मी गडबडून खरंच सांगितलं. "फोटो राहू द्या," तुम्ही म्हणालात, "आम्ही घरीच येतो बघायला."

आमच्याकडे मुलगी दाखवायची पद्धत नाही, घर बघायची पद्धत आहे, हे वाक्य मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. शैलाने ते ऐकून सरळ कांदेपोहे केले. तुम्ही आलात, दोन बश्या खाल्ल्यात, बाल्कनीचे गज हलवून पाहिलेत, एसीचं बटण दाबून तो खरंच गार करतो का ते पाहिलंत. बसक्या नाकाच्या कुत्र्याला उन्हाळ्यात श्वास पुरत नाही, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मग प्रश्न. दुपारी घरात कोण असतं? जिन्यावरून उचलून कोण नेणार? आणि शेवटी, घरात आधीपासून कोण घोरतं? शैलाने माझ्याकडे बोट केलं. तुमचा चेहरा उजळला. घरात घोरणारं माणूस असलं की पगवर आळ येत नाही, म्हणालात. पंचवीस वर्षांच्या संसारात माझं घोरणं गुण म्हणून धरलं गेलं ते तेवढंच एकदा.

त्याच संध्याकाळी होकार आला आणि वेलची घरी आली. तुम्ही सगळ्यांची नावं केळ्यांवरून ठेवायचात: राजेळी, तांबेळी, मुठेळी, बसराई. वेलची केळं म्हणजे बोटाएवढं. आमची वेलची तेव्हाच साडेदहा किलो होती. मी ही विसंगती निदर्शनास आणून दिली, तर तुम्ही म्हणालात, "सुधाकरराव, मुलीच्या वजनावर पहिल्याच दिवशी बोलू नये." आणि पुढच्या रविवारी फोन, "तुम्हाला आकडे कळतात आणि रविवारी तुम्ही रिकामे असता असं तुमच्या बायकोने सांगितलंय. नालासोपाऱ्याला एक घर बघायचंय. दहाला निघू." विचारलं नव्हतंत, सांगितलं होतंत.

तेव्हापासून मी तुमचा हिशेबनीस. त्यातला आपला एक वाद कधी मिटला नाही. मी म्हणायचो, घेणाऱ्याकडून निदान औषधांचा खर्च तरी घ्या. डोळ्याचे थेंब महाग, कातडीचं मलम महाग, लीनाबाई अर्धेच पैसे घेतात तरी ते अर्धे असतातच. वाडीतल्या सोनचाफ्याचे पैसे सगळे कुत्र्यांच्या डोळ्यांत जातात, हे मी तुम्हाला आकड्यांनी दाखवून दिलं होतं. तुम्ही कागद बघायचात, मान डोलवायचात आणि म्हणायचात, "मुलगी देताना पैसे घेणाऱ्यांना आपल्याकडे काय म्हणतात, ते मला बोलायला लावू नका." माझा मुद्दा अजूनही बरोबर आहे. फक्त आता तो मी कुणाला सांगू, हे कळत नाही.

नालासोपाऱ्याच्या त्या घराबद्दल मात्र मी चुकलो होतो. एक खोली, तिसरा मजला, लिफ्ट नाही, एसी नाही, माणसं पाच. मी रिक्षातच नकार धरून बसलो होतो. तुम्ही खोलीत शिरून दोन्हीकडच्या खिडक्या पाहिल्यात, वाऱ्याला हात लावल्यासारखा हात धरलात, आणि कोपऱ्यात बसलेल्या आजींना विचारलंत, दिवसभर इथेच असता का? आजी म्हणाल्या, "जानार कुठं बाई, गुडघे नाय चालत." मुठेळी तिथे गेली. दोघींचे गुडघे सारखेच. त्याच महिन्यात विरारच्या एका उंच इमारतीत विसाव्या मजल्यावर आपल्याला पोह्यांबरोबर काजू मिळाले, पण सोफा पांढराशुभ्र होता. बाईंनी विचारलं, केस गळतात का? तुम्ही म्हणालात, रोज एक उशी भरेल इतके. आणि तिथेच, त्यांच्या तोंडावर, कारणासकट नकार दिलात: सोफा पांढरा आहे, कुत्रीही दुःखी होईल, सोफाही. त्या बाई हसल्या. त्यांनी आपल्याला लिफ्टपर्यंत सोडलं.

हा तुमचा सर्वांत कडक नियम होता. हो किंवा नाही, त्याच दिवशी, कारणासकट. कुणाला लटकवून ठेवायचं नाही. फोटोच्या नियमावर तुम्ही कधीमधी थट्टा खपवून घ्यायचात, या नियमावर कधीच नाही.

आता सुकेळीचं. कामणला गोदामांच्या मागे पत्र्याची शेड, आत पिंजरे, एक माणूस पिल्लं विकायचा. तक्रार झाली आणि शेड बंद होणार म्हटल्यावर त्याने तुम्हाला बोलावलं. विकण्यासारखी पिल्लं त्याने आधीच हलवली होती. उरली होती ती एक. "ले जाओ काकी," तो म्हणाला, "सात-आठ वेतं झाली हिची. आता नुसती बसून खाते." एका डोळ्यावर पांढरी साय आल्यासारखी, कातडी काळपटून सुरकुतलेली, जीभ डावीकडून कायमची बाहेर. तुम्ही तिला उचललंत, निरखून पाहिलंत आणि नाव ठेवलंत, सुकेळी. वाळवलेल्या राजेळी केळ्यासारखी दिसते म्हणून. आणि सुकेळी राजेळीपेक्षा महाग विकली जाते, हेही मला ऐकवलंत.

तो डोळा लीनाबाईंना काढावा लागला. पण खरा प्रश्न पायांचा निघाला. जन्म जाळीवर गेलेला, सपाट जमीन तिला माहीतच नव्हती. फरशीवर ठेवली की चारही पाय चार दिशांना आणि पोट खाली. मग तुम्ही तिला वाडीत नेलंत, पाटाच्या कडेच्या ओल्या, मऊ मातीत. समोर स्टूल टाकून बसायचात, हातात केळ्याचा काप. रोज स्टूल थोडं मागे. तिच्याशी तुम्ही तुमच्या घरच्या बोलीत बोलायचात, जी मला निम्मी कळायची. मला वाटतं, ती चालायला शिकलीच नाही. ती केळ्याच्या मागे गेली आणि ते चालणं निघालं. महिन्याभराने ती पडवीची पायरी चढली तेव्हा तुम्ही मला ऑफिसात फोन केलात. मी मीटिंगमध्ये होतो. मी मीटिंगमध्ये सांगितलं की घरची एक चांगली बातमी आहे. सगळ्यांनी अभिनंदन केलं. कशाचं, ते मी सांगितलं नाही.

चालायला लागली म्हटल्यावर तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली, आणि त्यातूनच आपलं भांडण झालं. ते आज लिहूनच टाकतो.

विरारला, आगाशीच्या रस्त्याला, अरविंदरावांचं घर. बैठं घर, तीन खोल्या, पुढे अंगण, मागे वारा. निवृत्त, बायको वारलेली, मुलगा परदेशी, दिवसभर घरी. स्वतः घोरतो असं न विचारता सांगणारा माणूस. पोहे त्यांनी स्वतः केले होते आणि ते मऊ झाले होते. माझ्या मते सात वर्षांतलं सर्वांत उत्तम स्थळ. तुम्ही मात्र बशी हातात घेतलीत आणि गप्प झालात. नेहमीचे प्रश्न मीच विचारले. मग शेवटी तुम्ही एक प्रश्न विचारलात जो कधीच कुणाला विचारला नव्हता. "एखादं माणूस पसंत नसलं, तर तुम्ही तसं सांगता की गप्प बसता?"

ते हसले. म्हणाले, "गप्प बसतो. गप्प बसलं की समोरच्याला कळतंच."

रिक्षात बसून, रिक्षावाल्याकडे सोपवलेली सुकेळी तुम्ही परत मांडीवर घेतलीत तेव्हा मी म्हटलं, होकार कळवतो. तुम्ही म्हणालात, काही कळवू नका. मी म्हटलं, मग नकार आणि कारण. तुम्ही म्हणालात, "तेही नाही. गप्प बसा. त्यांना कळतंच म्हणे." आणि मग, नालासोपारा मागे पडल्यावर, एकदम सांगितलंत. अडतीस वर्षांपूर्वी हा माणूस पापडीला तुमच्या याच पडवीवर बसून पोहे खाऊन गेला होता. बशी तुम्ही नेली होतीत. नावावरून तुम्ही त्याला ओळखलं नव्हतंत. ओळखलंत ते शेंगदाण्यांवरून. तेव्हाही तो पोह्यांतले शेंगदाणे एकेक वेचून बशीच्या कडेला लावत होता, आजही. तेव्हा त्याच्याकडून निरोपच आला नाही, हो नाही की ना नाही. तुमची आई सहा महिने टपालवाल्याची वाट बघत होती. शेवटी मध्यस्थाच्या बायकोकडून बाजारात कळलं.

"काय कळलं?" मी विचारलं.

तुम्ही मांडीवरच्या सुकेळीच्या नाकावर बोट ठेवलंत. "हेच. नाक बसकं."

रिक्षावाला आरशातून बघत होता, त्याला तुम्ही रस्त्याकडे बघायला सांगितलंत. मग स्वतःच हसलात. म्हणालात, असे सात झाले, हा चौथा. सातव्यानंतर मी वडिलांना सांगितलं की आता दाखवणं बंद. हौस असेल त्याने यावं, मी त्यांचं घर बघेन. कुणी आलं नाही. पण नियम चांगला होता, वाया का घालवायचा.

त्या वेळी मी गप्प राहायला हवं होतं असं शैला म्हणते. मला तसं वाटत नाही. दुसऱ्या रविवारी मी पडवीवर बसून तुम्हाला सरळ म्हटलं, ताई, त्या माणसाने तुम्हाला कारण न सांगता लटकवलं, म्हणून तुम्ही त्याला कारण न सांगता लटकवताय. यात सुकेळीची बाजू कोण मांडतंय? तिला तीन खोल्या मिळत होत्या, हॉल न धरता.

तुम्ही आत गेलात. आठवडाभर फोन नाही. आठव्या दिवशी आलात ते वेलचीच्या नाकावरच्या घडीतून वास का येतोय हे विचारत, आणि शैलाला पुन्हा एकदा दाखवलंत, आधी ओला कापूस, मग कोरडा, ओल राहिली की संपलं. मला पाव किलो सुकेळी दिलीत, खायची. भांडण मिटलं असं मी समजलो. पण अरविंदरावांचा विषय तुम्ही परत काढला नाहीत, मीही नाही. त्यांचा मला दोनदा फोन आला. मी उचलला नाही. व्हाउचरशिवाय एक रुपया न सोडणारा माणूस मी, आणि वर्षभर एका माणसाचं उत्तर देणं ठेवून बसलो होतो. सुकेळी तुमच्याकडेच राहिली. खरं सांगायचं तर तुम्हाला तेच हवं होतं की काय, अशीही मला शंका आहे. आता विचारायची सोय नाही.

तर सोमवारी निखिलने आम्हाला न विचारता फोटो टाकला. मुलगा वाईट नाही. तो म्हणाला, "काका, ग्रुपवर टाकला की दोन मिनिटांत कुणीतरी घेईल. आत्याचं जुन्या पद्धतीचं होतं सगळं." दोन मिनिटांत खरंच उत्तरं यायला लागली. एकाने रडका चेहरा पाठवला. एकीने विचारलं, डोळा परत येईल का. एकाने लिहिलं, हिच्यापेक्षा तरुण आहे का एखादी. वसईच्या एका गृहस्थांनी लिहिलं, जीभ आत घालून फोटो काढा. निखिलने प्रयत्न केला. जीभ आत गेली, त्याबरोबर त्याचं बोटही गेलं. गुरुवारपर्यंत सगळ्यांनी सुकेळीला आशीर्वाद दिले, घर कुणी दिलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी निखिलने फोन बंद करून खिशात घातला आणि पडवीच्या पायरीवर, सुकेळीच्या शेजारी बसला. म्हणाला, "सत्तर लोकांनी बघितलं तिला, काका." मी म्हटलं, हो. मग तो म्हणाला, "आत्या बरोबर होती." मी म्हटलं, नियमाच्या बाबतीत, हो.

त्याच रात्री जेवणं झाल्यावर मी अरविंदरावांना फोन लावला. ताई, मी यावर चार दिवस विचार केला होता. मी तुमचा एकही नियम मोडत नव्हतो. तुमचा निर्णय मोडत होतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं माझं प्रामाणिक मत आहे, आणि तुम्ही समोर असता तरी मी हेच म्हटलं असतं. फक्त तेव्हा तुम्ही आत निघून गेला असता, आणि आत जाताना कडी लावली नसती, हे मला माहीत आहे.

मी नाव सांगितलं. मग ते म्हणाले, "वर्षभर वाट बघितली हो मी. हो नाही, नाही नाही. घरात काय खटकलं असेल म्हणून अंगणाला रंगसुद्धा लावून घेतला."

मी म्हटलं, घरात काही खटकलं नव्हतं. कारण मला सांगता येणार नाही.

"असू दे," ते म्हणाले. "मी त्या बाईंना म्हटलं होतं ना, गप्प बसलं की कळतं. काही कळत नाही, साहेब. माणूस नुसता अंगण रंगवत बसतो." मग विचारलं, "त्या येणार आहेत का बरोबर?"

मी सांगितलं, त्या गेल्या. अरविंदरावांनी नाव विचारलं. त्या दिवशी विरारला तुम्ही नाव सांगितलंच नव्हतंत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, सुमतीताई, पापडीच्या. वाडीवाल्या. "पापडीच्या," त्यांनी माझाच शब्द परत म्हटला. त्यांना काही आठवलं की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी विचारलं नाही. ते तुमचं होतं, मी द्यायचं नव्हतं.

शुक्रवारी मी रजा टाकली. शैला, मी आणि अंगावर ओला पंचा टाकलेली सुकेळी, रिक्षाने विरारला. अंगण खरोखर रंगवलेलं होतं, गेरूचं, काठाला पांढरी रेघ. शैला सुकेळीला घेऊन रिक्षातच थांबली आणि मी एकटा आत गेलो. मी म्हटलं, आमच्यात आधी होकार लागतो, मग दर्शन. न बघता सांगावं लागेल.

ते म्हणाले, "आणा तिला आत. बाहेर ऊन आहे."

हे उत्तर होकार धरावं का, यावर मी क्षणभर विचार केला आणि धरला. शैलाने तिला दारात खाली ठेवलं. सुकेळीने नवी जमीन बघितली की करते तसं आधी एक पाय लावून पाहिला, मग दुसरा. डोळ्याची ती रिकामी जागा, लोंबती जीभ, पाठीवर केस नसलेला पट्टा, सगळं घेऊन ती खोलीच्या मध्यापर्यंत चालत आली आणि धापा टाकत बसली. अरविंदराव चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून तिच्याकडे बघत राहिले. वय विचारलं. मी म्हटलं, नक्की माहीत नाही, दहाच्या पुढे. ते उठून आत गेले.

मला वाटलं, संपलं. शैलाने माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे. आत कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा. ते बाहेर आले ते टोपी घालून. हातात शंभराची नोट आणि एक रुपया. मी लगेच सांगितलं, आम्ही पैसे घेत नाही, अगदी औषधांचेसुद्धा नाही, त्यावर माझं वैयक्तिक मत वेगळं आहे पण घेत नाही.

"तुम्हाला कोण देतंय," ते म्हणाले. "आमच्या वेळी मुलगी बघितली की तिच्या हातावर काहीतरी ठेवायचे. मी कधी ठेवलं नाही. आई ठेवायची, मी उठून बाहेर जायचो."

गुडघ्यांवर हात टेकत ते खाली बसले. त्याला वेळ लागला. सुकेळीचा उजवा पाय त्यांनी तळहातावर घेतला, त्यावर नोट ठेवली आणि नोटेवर रुपया. सुकेळीने त्यांचं बोट चाटलं, नोट हुंगली आणि खाण्याची नाही असं ठरवून तिच्यावर हनुवटी टेकून झोपली. घोरणं मिनिटभरात सुरू झालं. ते तसेच हात धरून बसून राहिले, कारण पाय काढला असता तर ती जागी झाली असती.

अखेर दिले ते असे, ताई. रुपये एकशे एक, रोख. देणार अरविंदराव. घेणार सुकेळी, पापडीच्या सुमतीताईंची.